फॅन्टसी बेसबॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत फ्लोरिडा आणि ॲरिझोनात स्प्रिंग ट्रेनिंग (मोसमाआधीचा सराव) सुरू झालं की माझ्या फोनवर दरवर्षी तेच प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बहुतेक अमेरिकेत नोकरीला आलेले मराठी लोक. ऑफिसच्या लीगमध्ये बारावा माणूस कमी पडला म्हणून ओढले गेलेले, पहिल्या वर्षी शेवटचे आलेले, आणि आता इरेला पेटलेले. काही पुण्या-ठाण्याचेही असतात. सगळ्यांना एकच उत्तर दहादा टाइप करण्यापेक्षा इथे एकदा लिहून ठेवतो. ज्यांना गंमत म्हणून संघ लावून सोडून द्यायचा आहे त्यांना यातलं निम्मं लागणार नाही.

१. फॅन्टसी बेसबॉल म्हणजे नक्की काय?

मेजर लीगमधले, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमधले, खरे खेळाडू घेऊन तुम्ही कागदावर स्वतःचा संघ बांधता. ते मैदानात जे करतील त्याचे आकडे तुमच्या खात्यात जमा होतात. पिचर (चेंडू टाकणारा) न्यूयॉर्कचा, कॅचर (बॅटरच्या मागे बसून झेलणारा) सिएटलचा, चालतं. खरा सामना कोण जिंकलं याच्याशी तुम्हाला जवळजवळ देणंघेणं नसतं. मोसम १६२ सामन्यांचा, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. म्हणजे सहा महिने, जवळपास रोज. एका दिवसापुरता संघ लावून पैसे लावायचा प्रकार वेगळा, त्याबद्दल मला विचारू नका.

२. याला ‘रोटो’ का म्हणतात? रोटी-बिटीशी संबंध आहे का?

रोटीशी नाही, पण जेवणाशी आहे. मॅनहॅटनमध्ये ला रोटिसेरी फ्रान्सेज नावाचं एक रेस्टॉरंट होतं. डॅनियल ओक्रेंट हा लेखक-संपादक आणि त्याचे मित्र तिथे जेवायला जमत. १९७९ च्या अखेरीस टेक्ससला जाताना विमानात त्याला या खेळाचे नियम सुचले आणि १९८० च्या मोसमात पहिली लीग खेळली गेली. नाव पडलं त्या रेस्टॉरंटचं.

त्याच्याही आधी, १९६० मध्ये, विल्यम गॅमसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनमध्ये मित्रांबरोबर असाच एक खेळ सुरू केला होता. प्रवेशशुल्क दहा डॉलर, नाव ‘बेसबॉल सेमिनार’. गॅमसन पुढे मिशिगन विद्यापीठात गेला, तिथे रॉबर्ट स्क्लार नावाचा प्राध्यापक त्यात सामील झाला, आणि ओक्रेंट या स्क्लारचा विद्यार्थी. म्हणजे कल्पना अगदी आकाशातून पडलेली नव्हती. ओक्रेंटची भर म्हणजे मोसमभर हलत राहणारी गुणांची शिडी.

प्रसाराचं कारण मजेदार आहे. त्या पहिल्या टोळीत पत्रकार आणि प्रकाशनातले लोक बरेच होते. १९८१ च्या उन्हाळ्यात खेळाडूंचा संप झाला, बेसबॉल लिहिणाऱ्यांना लिहायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी या खेळावर लिहिलं. आणि जनक ओक्रेंटला स्वतःची मूळ लीग एकदाही जिंकता आली नाही. नवशिक्याने हे लक्षात ठेवावं, उपयोगी पडतं.

३. गुण कसे मोजतात? मी पाचदा वाचलं, तरी डोक्यात शिरलं नाही.

दहा विभाग असतात. बॅटिंगचे पाच: सरासरी, होम रन, धावा, आरबीआय (तुमच्या बॅटरच्या फटक्यावर घरी आलेल्या धावा) आणि स्टील, म्हणजे चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेला पुढचा बेस). पिचिंगचे पाच: विन (पिचरच्या नावावर लागलेला विजय), सेव्ह (प्रश्न १० बघा), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ईआरए आणि व्हिप. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा. चुकीच्या क्षेत्ररक्षणामुळे गेलेल्या धरत नाहीत. व्हिप म्हणजे एका इनिंगमागे दिलेले हिट (फटक्यावर गाठलेले बेस) आणि वॉक (बाहेरच्या चार चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) यांची बेरीज. मूळ लीगमध्ये आठच विभाग होते. धावा आणि स्ट्राइकआउट नंतर आले.

बारा संघांची लीग धरा. होम रनमध्ये जो पहिला त्याला १२ गुण, दुसऱ्याला ११, असं खाली शेवटच्याला १. प्रत्येक विभागात हेच. दहाही विभागांत पहिले आलात तर १२०. दोघांची बरोबरी झाली तर वाटणी: तिसऱ्या जागेवर दोघे असतील तर १० आणि ९ ची सरासरी, प्रत्येकी साडेनऊ.

आता गोम इथे आहे. तुम्ही ३१० होम रन मारले आणि दुसऱ्याने २८५, तरी तुम्हाला त्याच्यापेक्षा एकच गुण जास्त. २८६ मारले असते तरी एकच. ते वरचे २४ होम रन फुकट गेले. तेवढ्या ताकदीत तुम्ही एखादा बेस चोरणारा घेतला असता आणि स्टीलमध्ये तीन जणांना मागे टाकलं असतं तर तीन गुण. ‘चांगला खेळाडू’ ही गोष्ट या खेळात सुटी नसतेच. तुमच्या शिडीवर कुठल्या पायऱ्या जवळजवळ आहेत त्यावर तो चांगला की वाईट ते ठरतं. बाकीचं सगळं याच्याच पोटातून निघतं.

(दर आठवड्याला एकाशी सामना, किंवा प्रत्येक हिटला ठरावीक पॉइंट, असेही प्रकार आहेत. खालची उत्तरं रोटोची आहेत.)

४. मला क्रिकेट कळतं, बेसबॉल जेमतेम. जमेल का?

जमेल. मात्र दोन सवयी मोडाव्या लागतात. एक, फॅन्टसी क्रिकेटसारखं इथे कर्णधाराला दुप्पट, उपकर्णधाराला दीडपट गुण वगैरे नसतं. दोन, क्रिकेटमध्ये एका डावाने नशीब फिरतं. इथे एका दिवसाने काही होत नाही, आणि तरीही प्रत्येक दिवस मोजला जातो. सामना बघता आला नाही तरी बिघडत नाही. आमच्या लीगमधला सर्वांत चिवट भिडू वर्षात फार तर चार सामने पूर्ण बघतो.

५. लिलावात काय होतं? किती पैसे, किती खेळाडू?

प्रत्येकाला २६० डॉलर (कागदी) आणि २३ जागा. १४ बॅटर, ९ पिचर. बॅटरमध्ये दोन कॅचर, पहिला-दुसरा-तिसरा बेस, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला), एक कोपऱ्यातला (पहिल्या किंवा तिसऱ्या बेसचा), एक मधला (दुसऱ्या बेसचा किंवा शॉर्टस्टॉप), पाच आउटफिल्डर (मागच्या मैदानातले) आणि एक कुणीही. बारा संघ म्हणजे २७६ खेळाडू आणि ३,१२० डॉलर. त्याबाहेर एक दमडी नाही.

पाळीपाळीने एकेकाने नाव पुकारायचं आणि बोली सुरू. तुमच्या हातातल्या पैशांतून उरलेल्या प्रत्येक जागेसाठी एक डॉलर राखावाच लागतो. २३ डॉलर उरलेत आणि ६ जागा रिकाम्या, तर तुमची कमाल बोली १८. हा आकडा स्वतःचाच नव्हे, समोरच्या प्रत्येकाचाही पाठ असला पाहिजे. समोरच्याची कमाल १७ आहे हे माहीत असलेला माणूस शांतपणे १८ म्हणतो. न माहीत असलेला २१ देऊन बसतो.

सुरुवातीला आपल्याला नको असलेली बडी नावं पुकारायची, म्हणजे दुसऱ्यांचे खिसे रिकामे होतात. हे सगळेच करतात. दुसरी युक्ती म्हणजे कुणाला खेळाडू स्वस्तात मिळू नये म्हणून बोली चढवत राहणं. तिसऱ्या वर्षी मी एका कॅचरवर असाच ‘सोळा’ म्हणालो. दोन कॅचर माझ्याकडे आधीच होते, तिसरा फक्त त्या एका ‘कुणीही’ जागेत मावला असता. समोरचा सतरा म्हणणार याची मला खात्री होती. तो चहाचा कप उचलून माझ्याकडे बघत राहिला. लिलावदाराने तीनदा आकडा उच्चारला. ती शांतता अजून कानात आहे. त्या वर्षी माझ्या संघात तीन कॅचर होते, आणि मी आठवा आलो.

६. ऑफिसच्या लीगमध्ये लिलाव नाही, ‘स्नेक ड्राफ्ट’ आहे. तो काय?

बोली न लावता पाळीपाळीने खेळाडू निवडायचे, आणि ती पाळी नागमोडी. पंधरा संघांत पहिल्या फेरीत १ ते १५, दुसरीत उलट १५ ते १. पहिला नंबर मिळाला तर पुढची निवड थेट ३० वी, आणि लगेच ३१ वी. मधल्या २८ निवडींत तुमच्या यादीतले सगळे उडून जातात, म्हणून कडेला बसणाऱ्याला कुठलाही विभाग ‘जरा नंतर बघू’ म्हणता येत नाही. मोठ्या पैशांच्या स्पर्धांत हाच प्रकार चालतो. तिथे तुम्ही ड्राफ्टमधल्या जागांचा पसंतीक्रम आधी देता आणि सोडत निघते. या पद्धतीला घोड्यांच्या शर्यतीवरून केंटकी डर्बी सिस्टिम म्हणतात.

७. एखाद्या खेळाडूची किंमत २७ डॉलर हे कोण ठरवतं? हवेतून काढतात का?

हवेतून नाही, पण अंदाजातून. पायऱ्या अशा. आधी प्रत्येक खेळाडू या मोसमात काय करेल याचा अंदाज. मग ‘शेवटचा घेण्याजोगा’ खेळाडू कोण ते पाहायचं, म्हणजे लिलावाच्या शेवटी एका डॉलरला मिळणारा. त्याच्यापेक्षा जे जास्त, त्यालाच किंमत. २७६ खेळाडूंना एकेक डॉलर वाटून टाकला की ३,१२० मधून २,८४४ डॉलर उरतात, ते या ‘जास्त’च्या प्रमाणात वाटायचे.

‘जास्त’ मोजायचं कसं? होम रन आणि स्टील यांची बेरीज होत नाही. म्हणून शिडी वापरतात: आपल्या लीगच्या मागच्या काही वर्षांच्या तक्त्यांवरून एक पायरी चढायला सरासरी किती होम रन लागले, किती स्टील लागल्या हे काढायचं. समजा पायरीला ९ होम रन आणि ६ स्टील. तर १८ होम रन म्हणजे दोन पायऱ्या, १८ स्टील म्हणजे तीन. आता एकाच मापात आले.

कॅचर म्हणूनच महाग वाटतो. बारा संघांना दोन-दोन म्हणजे २४ कॅचर लागतात आणि मेजर लीगमध्ये संघच ३० आहेत. चोविसावा कॅचर इतका सुमार असतो की विसाव्या क्रमांकाचा आउटफिल्डर त्याच्यापुढे राजा.

आणि किंमत स्थिर नसते. २०२३ मध्ये मेजर लीगने नियम बदलले: बेसच्या गाद्या १५ इंचांवरून १८ इंचांच्या केल्या, पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलं, आणि बेसवरच्या खेळाडूला अडवायला मागे फेकण्यावर मर्यादा घातली. एका वर्षात एकूण स्टील २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने एकट्याने ७३ चोरले, वर ४१ होम रन. ज्यांनी जुन्या तक्त्यावरून पायरी मोजली आणि ‘३० स्टीलवाला म्हणजे सोनं’ म्हणून पैसे ओतले, त्यांच्या हातात पितळ आलं. कारण तीस स्टील करणारे आता जागोजागी होते.

८. बॅटरवर किती खर्च करायचा, पिचरवर किती?

साधारण १८० आणि ८०. पिचर मोडतात. कोपराचं ऑपरेशन म्हणजे वर्ष गेलं. तरी एखादा खणखणीत पिचर वर घेण्याकडे हल्ली कल वाढलाय, कारण पूर्वीसारखे दोनशे इनिंग टाकणारे फारसे उरले नाहीत.

९. एखादा विभाग सरळ सोडून दिला तर?

जुनी युक्ती आहे. सेव्ह सोडायच्या, तिथे एक गुण घ्यायचा, वाचलेले पैसे बाकी नऊ विभागांत घालायचे. बारा जणांच्या सुट्या लीगमध्ये चालतं, मी एकदा दुसरा आलोय. पण शेकडो किंवा हजारो संघांची एकत्र क्रमवारी लागणाऱ्या स्पर्धेत हा आत्मघात आहे: तिथे सोडलेला विभाग तुम्हाला अकरा गुणांनी नव्हे, शेकडो गुणांनी मागे टाकतो. पिचिंगच पूर्ण सोडायचं डोक्यात असेल तर आधी लीगची घटना, म्हणजे नियमावली, वाचा. बऱ्याच लीगमध्ये किमान ९०० किंवा १,००० इनिंगची अट असते, ती याच शहाण्यांसाठी घातलेली.

१०. क्लोजर म्हणजे काय आणि त्याच्यावरून लोक एवढे वेडे का होतात?

जिंकत आलेल्या सामन्याची शेवटची इनिंग टाकून कुलूप लावणारा पिचर. त्याला सेव्ह मिळते. नियम: सामना त्याने संपवायचा, विन दुसऱ्याच्या नावावर हवी, आणि पुढच्या तिन्हींपैकी एक गोष्ट हवी. तो आला तेव्हा आघाडी तीन धावांपेक्षा जास्त नव्हती आणि त्याने किमान एक इनिंग टाकली. किंवा बरोबरी करू शकणारा खेळाडू बेसवर, बॅटिंगला किंवा पुढच्या पाळीला होता. किंवा त्याने तीन इनिंग टाकल्या.

वेड यासाठी की ही एक नोकरी आहे, कौशल्य नव्हे. संघाच्या मॅनेजरने एका रात्री ‘आता नववी इनिंग दुसरा टाकेल’ म्हटलं की तुमचे १८ डॉलर बुडाले आणि काल कुणाला ठाऊक नसलेला माणूस सोन्याचा झाला. त्यामुळे लोक सामना संपल्यावर मॅनेजरची पत्रकार परिषद ऐकतात, आठव्या इनिंगला कोण हात गरम करतोय ते बघतात. माझा एक मित्र बारशाच्या जेवणात, ताटावर बसून, टेबलाखाली फोन धरून हे बघत होता. बारसं त्याच्याच मुलाचं.

११. ‘फॅब’ काय भानगड आहे? मोसमात नवा खेळाडू कसा घ्यायचा?

मोकळ्या खेळाडूंसाठी बंद पाकिटातली बोली. मोसमभरासाठी वेगळं बजेट, मोठ्या स्पर्धांत १,००० डॉलर, आणि सहसा रविवारी रात्री पाकिटं उघडतात. सर्वांत मोठी बोली जिंकते, आणि तुम्ही जेवढी लावली तेवढी पूर्ण कापली जाते. दुसऱ्याची बोली ४१ होती हे सोमवारी सकाळी कळतं आणि तुम्ही लावलेले १८७ आठवून चहा कडू लागतो.

उरलेल्या पैशांचं शेवटी काही होत नाही, म्हणून फार जपूही नका. साधारण नियम: एप्रिलमध्ये सापडलेला खेळाडू सहा महिने कामाला येतो, ऑगस्टमधला दोन. एप्रिलमध्ये सढळ हात बरा. अपवादासाठी प्रश्न १६ बघा.

१२. माझ्या पिचरने दोन इनिंगमध्ये आठ धावा दिल्या. सगळं संपलं का?

कधी दिल्या त्यावर आहे. एप्रिलमध्ये तुमच्या १०० इनिंग झाल्यात, ४२ धावा दिल्यात, ईआरए ३.७८. त्यात ही दोन इनिंग घाला: १०२ इनिंग, ५० धावा, ४.४१. पोटात गोळा. हेच मोसमाच्या शेवटी: १,२०० इनिंग, ५०० धावा, ३.७५. घाला: ३.८०. म्हणजे वर्षभरात त्या रात्रीची किंमत पाच शतांश एवढीच. फक्त शिडीवर पाच शतांशांत कधी कधी तीन जण उभे असतात, त्याला इलाज नाही. घाबरून त्याच रात्री पिचर सोडून देऊ नका. सोडलेला पिचर दुसऱ्याकडे जाऊन चांगला खेळतो, हा निसर्गनियम आहे.

१३. एक खेळाडू दोन जागांवर कसा लावता येतो?

बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षी एखाद्या जागी २० सामने खेळला असेल तर तिथे पात्र. चालू वर्षी ५ किंवा १० सामन्यांत नवी जागा मिळते. मूकी बेट्स बरीच वर्षं आउटफिल्डर, पण दुसऱ्या बेसवर आणि शॉर्टस्टॉपलाही खेळलाय. असा माणूस संघात असला की एक जण जखमी झाल्यावर बाकी घडी हलवून भोक बुजवता येतं.

१४. शोहेइ ओतानी बॅटिंगही करतो, पिचिंगही. तो एक खेळाडू धरायचा की दोन?

मी ज्यावर हात वर करतो असे थोडेच प्रश्न आहेत, त्यातला हा पहिला. २०१८ मध्ये तो आला तेव्हा याहूच्या फॅन्टसी साइटने त्याचे दोन तुकडे केले: बॅटर ओतानी वेगळा, पिचर ओतानी वेगळा, दोन वेगळ्या मालकांकडे असू शकतील असे. इतर काहींनी एकच ठेवला. एकच असेल आणि संघ आठवड्याला एकदा लावायचा असेल तर सोमवारी ठरवावं लागतं की या आठवड्यात तो तुमच्यासाठी मारणार की टाकणार. दुसऱ्या बाजूचे आकडे वाऱ्यावर. रोज संघ लावायचा असेल तर तो एकटा दोन माणसांएवढा होतो आणि लीगचा तोल जातो. २०२४ मध्ये कोपराच्या ऑपरेशनमुळे त्याने एकही चेंडू टाकला नाही, तेव्हा वाद आपोआप मिटला होता, आणि त्या वर्षी नुसत्या बॅटिंगवर त्याने ५४ होम रन आणि ५९ स्टील केल्या. पन्नास-पन्नास आधी कुणीच केलेलं नव्हतं. तुमच्या लीगमध्ये काय आहे ते लिलावाच्या आधी विचारा. लिलाव चालू असताना नको.

१५. सामना पावसाने अर्धवट थांबला आणि महिन्याने पुढे खेळला. आकडे कुणाचे?

मेजर लीगच्या नोंदीत सगळं मूळ तारखेला जातं. त्यातून काय काय होतं बघा. १५ मे २०१८ ला वॉशिंग्टनमध्ये नॅशनल्स-यँकीज सामना पावसाने थांबला. त्या दिवशी हुआन सोतो मेजर लीगमध्ये नव्हताच; त्याचं पदार्पण २० मे ला झालं. सामना १८ जूनला पुढे सुरू झाला, सोतो बदली बॅटर म्हणून आला आणि त्याने होम रन मारला. नोंदीत तो होम रन १५ मे चा. पदार्पणाच्या पाच दिवस आधीचा.

त्याहून वरताण डॅनी जॅन्सन. २६ जून २०२४, बॉस्टनमध्ये तो टोरोंटोकडून बॅटिंगला उभा असताना पाऊस आला. सामना २६ ऑगस्टला पुढे सुरू झाला तेव्हा तो बॉस्टनचा झालेला होता. स्वतःच्याच अर्धवट राहिलेल्या पाळीत, दुसऱ्याच्या बॅटमागे, तो कॅचर म्हणून बसला. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला मेजर लीगमधला तो पहिलाच.

आता तुमच्या लीगमध्ये समजा १५ मे ला सोतो कुणाकडेच नव्हता, किंवा जॅन्सन जूनमध्ये एकाकडे आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्याकडे होता. वेबसाइट एक करते, घटनेत दुसरं लिहिलेलं असतं, बहुतेक घटनांत काहीच नसतं. ज्या दिवशी खेळाडूने प्रत्यक्ष बॅट हातात घेतली त्या दिवशी तो ज्याच्याकडे लावलेला असेल त्याचे आकडे, ही मला सर्वांत न्याय्य वाटणारी ओळ आहे. पण लीग चालवणाऱ्या कमिशनरला हाताने दुरुस्ती करावी लागते, त्यामुळे ती कुणाला नको असते.

१६. आमची लीग फक्त नॅशनल लीगच्या संघांची आहे. माझा खेळाडू जुलैत अमेरिकन लीगमध्ये विकला गेला!

सांत्वन. (मेजर लीगचे नॅशनल आणि अमेरिकन असे दोन भाग आहेत.) काही लीगमध्ये त्याचे पुढचे आकडे तुम्हाला मिळत राहतात, काहींत तो गेला तो गेला. उलट बाजूही आहे: तिकडून इकडे कुणीतरी येतो. जुलै २००८ मध्ये सीसी सबॅथिया क्लीव्हलंडहून मिलवॉकीला आला आणि नॅशनल लीगमध्ये ११ विन, २ पराभव, १.६५ ईआरए असं काहीतरी करून गेला. महिनाअखेरीस मॅनी रमिरेझ बॉस्टनहून डॉजर्सकडे: ५३ सामने, ०.३९६ सरासरी, १७ होम रन. ज्यांनी फॅबचे पैसे जुलैपर्यंत राखले होते त्यांना त्या उन्हाळ्यात लॉटरी लागली. प्रश्न ११ मध्ये ‘सढळ हात’ म्हटलंय ते अशा लीगसाठी नाही.

१७. काल रात्री माझ्या खात्यात एक हिट होती, आज नाही. वेबसाइट हॅक झाली का?

नाही. अधिकृत स्कोअररने हिट बदलून ती एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) ठरवली असेल. असे बदल सामन्यानंतर काही दिवसही होतात. तुमच्या बॅटरची हिट जाते, त्याच वेळी कुणाच्या तरी पिचरचा ईआरए सुधारतो.

१८. जुने खेळाडू राखता येतात अशा लीगमध्ये लिलावात भाव एवढे का चढतात?

गणित साधं आहे. समजा सगळ्यांनी मिळून राखलेल्या खेळाडूंची खरी किंमत ९०० डॉलर, पण पगार, म्हणजे त्यांना राखायला मोजलेले पैसे, ५०० च. लिलावात पैसा उरला ३,१२० वजा ५०० म्हणजे २,६२०. माल उरला ३,१२० वजा ९०० म्हणजे २,२२०. भागाकार १.१८. म्हणजे कागदावर ३० डॉलरचा खेळाडू ३५ ला जाणार आणि तो महाग नाही. ‘मी ३० च्या वर जाणारच नाही’ म्हणणारा माणूस रात्री अकरा वाजता हातात ४० डॉलर आणि बाजारात फक्त उरलासुरला माल घेऊन बसतो.

१९. तळाच्या माणसाने आपला सर्वांत चांगला पिचर पहिल्याला दोन नवख्या खेळाडूंच्या बदल्यात दिला. व्हेटो करावा का?

राखीव खेळाडूंच्या लीगमध्ये (प्रश्न १८) असा सौदा रीतसर असू शकतो. तळाचा माणूस पुढच्या वर्षाचं बघतोय. संगनमत असेल तरच मोडा, आणि तो निर्णय एकट्या कमिशनरने घ्यावा. सगळ्यांच्या मतदानाने व्हेटो हा प्रकार मला अजिबात पटत नाही. अकरापैकी नऊ जणांना तो सौदा झालेला नकोच असतो, तो न्याय्य असला तरी. आमची एक जुनी लीग यावरूनच फुटली. दोन सख्खे मावसभाऊ दिवाळी फराळालाही एकमेकांकडे गेले नाहीत त्या वर्षी.

२०. खेळाडूंची नावं अशी वापरायला परवानगी लागत नाही?

मेजर लीगचं म्हणणं होतं की लागते. सेंट लुइसची एक फॅन्टसी कंपनी कोर्टात गेली, २००६ मध्ये जिंकली, २००७ मध्ये अपिलातही जिंकली, आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिला. नावं आणि आकडे ही सार्वजनिक माहिती आहे, ती वापरण्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं ठरलं.

२१. भारतातून खेळता येईल का? आणि पैशांचं काय?

फुकट लीग खुशाल खेळा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे, तेव्हा प्रवेशशुल्काच्या स्पर्धा तिथे बसून नकोत. अमेरिकेत २००६ च्या संघीय कायद्यात फॅन्टसीला अटींसह सूट आहे, पण राज्यांचे नियम वेगवेगळे, आपलं राज्य बघून घ्या.

वेळेचं गणित उलट सोयीचं आहे. न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७.०५ चा सामना भारतात पहाटे ४.३५ ला. रविवारी रात्री १० ची फॅबची मुदत म्हणजे तुमच्याकडे सोमवारी सकाळी साडेसात. इथले लोक झोपेने डोळे मिटत असताना तुम्ही दात घासून ताजे. पुण्याचा एक भिडू आमच्यात आहे, शेवटच्या दहा मिनिटांत बोली बदलण्यात त्याचा हात कुणी धरत नाही.

२२. खरं सांगा, किती वेळ जातो? (हा प्रश्न बहुतेक वेळा भिडूची बायको किंवा नवरा विचारतो.)

मार्चमध्ये रोज दोन तास. मोसमात रोज अर्धा, रविवारी तीन. एवढं कबूल करतो. खरा आकडा घरी विचारा.

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या रविवारी मी दुसऱ्यापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे होतो. स्टीलमध्ये आमची बरोबरी होती, म्हणजे त्याची एक स्टील वाढली की तो अर्ध्या गुणाने माझ्यापुढे. आम्ही मुलीला कॉलेजच्या वसतिगृहात भेटून परत येत होतो, गाडी बायको चालवत होती. सातव्या इनिंगला त्याचा एक बदली धावपटू पहिल्या बेसवर आला. त्याने वर्षभरात क्वचितच काही केलं होतं. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. बायको म्हणाली, “गेला का?” मी फोन सरळ केला. तो दुसऱ्या बेसवर कपडे झटकत उभा होता.

“गेला,” म्हटलं. तिने पुढच्या एक्झिटला गाडी वळवली आणि मला कॉफी घेऊन दिली.